टाकीतला डावा हात

३ तारीख, सोमवार

ही डायरी रंगाच्या दुकानदाराने दिलेली. गेल्या वर्षाची आहे, वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून खरा लिहिते. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं.

लिहायची हौस मला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. त्यानंतर लिहिलं ते फक्त डब्यांवर, एकावर ‘अ’ आणि दुसऱ्यावर ‘ब’. पण आज इस्पितळाचे साहेब म्हणाले, “बाई, यापुढे रोज काय घडतं ते लिहून ठेवा. प्रकरण वाढलं तर उपयोगी पडेल.” म्हणून बसलेय.

प्रकरण असं. आम्ही पाण्याच्या लोखंडी टाक्यांना आतून रंग देतो. आम्ही म्हणजे नवरा, माझा भाऊ आणि मी. (तोंडावर मी नवऱ्याला अहो म्हणते. इथे नवरा. इथे कोण ऐकतंय.) इस्पितळाची मोठी गोल टाकी गेल्या वर्षी केली. आज धुवायला रिकामी केली, तर आत भिंतीवर रंगाला फोड. भाजलेल्या कातडीला येतात तसे, पाण्याने टम्म. कुठेही आले असते तर म्हटलं असतं, माल खराब. पण हे फोड हाताच्या आकाराचे आहेत. तळवा आणि पाच बोटं. एक नाही, ओळीने.

साहेबांनी बॅटरी मारली. “हे काय आहे?”

“हात,” मी म्हटलं.

“ते मला दिसतंय.”

“मग विचारता कशाला?”

नवरा टाकीच्या दारातच उभा होता. मी म्हटलं, अहो, आत येऊन बघा तरी. म्हणाला, “मला इथून दिसतंय सगळं.”

४ तारीख, मंगळवार

रंग द्यायच्या आधी टाकीला वाळूचा मारा करतात. जुना रंग, गंज, सगळं उडतं आणि लोखंड उघडं पडतं. तेव्हापासून पहिला थर बसेपर्यंत त्याला नुसत्या हाताने शिवायचं नाही. नियम नवऱ्याचाच. लग्न झाल्यापासून ऐकतेय, “सोललेलं लोखंड म्हणजे जखम. जखमेला कुणी घाणेरडा हात लावतं का?” हातमोजे नसतील तर तो मला टाकीच्या दारातही उभं राहू देत नाही.

आता आत जाणारी माणसं दोनच. मी बाहेर बसून रंगाचे अ आणि ब हे दोन भाग एकत्र कालवते. नवरा नियम करणारा. राहिला माझा भाऊ.

भावाला सगळे गुळ्या म्हणतात, चहात चार चमचे साखर घेतो म्हणून. पंचेचाळिशीला आला, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतो. संध्याकाळी समोर बसवला.

“तू मोजे काढले होतेस का रे?”

“काय माहीत ताई. काढले असतीलही.”

“असतील म्हणजे? हात तुझेच आहेत ना, की शेजाऱ्याचे?”

चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती तरी ढवळतोय. मध्येच नवऱ्याकडे बघितलं. नवरा कपात चहा ओतत होता, तो कप भरून बशीत आणि बशी भरून टेबलावर. मी दोघांनाही एकदमच झापलं. वेगवेगळं झापायला वेळ कुणाला आहे.

६ तारीख, गुरुवार

रंगाच्या कंपनीने तपासणीला एक मुलगी पाठवली. सव्वीस-सत्तावीसची असेल. पायात दोन नंबर मोठे बूट. मला वाटलं आता ही उंटावरून शेळ्या हाकणार. पण आल्याआल्या सरळ टाकीत शिरली आणि गुडघे टेकून बसली. बरं वाटलं.

ती म्हणाली, “मावशी, फोडात पाणी आहे.”

“टाकीत पाणी, फोडात पाणी. त्यात काय नवल. पण आत गेलं कसं? रंगाला भोक नाही, मी बोट फिरवून बघितलं.”

“भोक लागत नाही. रंगातूनच जातं.”

मी म्हटलं, बाळ, या रंगावर आमची भाकरी आहे, तोंड सांभाळून बोल. ती हसली नाही. म्हणाली, वाळलेला रंग आपल्याला पत्र्यासारखा वाटतो, पण तो असतो गुंतलेल्या लोकरीसारखा. लांबच लांब धागे एकमेकांत अडकलेले, आणि त्यांच्यामध्ये फटी. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. पाण्याचा कण त्याहून बारीक. तो एका फटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, वाट चुकत चुकत शेवटी लोखंडापाशी पोचतो.

“सगळ्याच रंगातून?”

“सगळ्याच. कमी-जास्त.”

“मग रंग द्यायचा कशाला? शोभेला? टाकीत कोण बघायला येतंय?”

“उशीर व्हावा म्हणून,” ती म्हणाली. “आणि रंग घट्ट चिकटलेला असला तर पोचलेल्या पाण्याला तिथे साचायला जागा मिळत नाही. पण रंगाच्या खाली मीठ राहिलं असेल तर ते पाण्याला ओढून घेतं. मग पाणी साचतं, रंग उचलला जातो.”

“टाकीत मीठ टाकलं कुणी?”

“घामात असतं. उघडा तळवा लोखंडाला लागला की पुरे.”

मीठ पाणी ओढतं हे मला कळतं, काकडीला लावल्यावर सुटतंच. तरी खात्री करून घ्यावी म्हणून केसातली पिन काढली, एक फोड फोडला आणि बोटाला लागलं ते जिभेवर लावून बघितलं. खारट. जरा कडूही.

मुलगी ओरडली, “मावशी! असं तोंडात काय घालता!”

“अख्खं इस्पितळ वर्षभर हेच पाणी पितंय.”

साहेब दारात उभे होते, त्यांना खोकला आला.

१० तारीख, सोमवार

तीन दिवस काही नाही. घरात आवराआवर केली.

आमच्या बाहेरच्या खोलीतून आत लांब बोळ जातो, त्याच्या शेवटी स्वयंपाकघर. बोळाची भिंत मीच पांढऱ्या रंगाने रंगवली होती. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट पट्टा पडलाय. गेले कितीतरी महिने मी तो पुसते, तो परत येतो. अर्थात गुळ्या. बाहेरून येतो आणि भिंतीला हात घासत चालतो, बैल कुंपणाला अंग घासतो तसा. आज त्याला पट्ट्यासमोर उभा केला आणि म्हटलं, घरात हे करतोस, तर टाकीत काय करत असशील ते दिसलंच सगळ्या गावाला.

 नवरा आतून म्हणाला, “राहू दे ना डाग. कुणाला दिसतोय.”

मला दिसतोय, म्हटलं. नवऱ्याला हल्ली कशाचंच काही वाटत नाही. स्कूटरही काढत नाही, ती धूळ खात पडलीय. कुठेही चालतच जातो. म्हणे तब्येतीला चांगलं. एवढी तब्येतीची काळजी, तर परवा पायरी चुकून नडगी फोडून का घेतली, विचारलं. म्हणाला विचारात होतो. पन्नाशीत माणसाला विचार सुचायला लागतात बहुतेक. मला अजून दोन वर्षं आहेत.

११ तारीख, मंगळवार

तपासणीवाली परत आली. पट्टी घेऊन सगळे हात मोजले, कागदावर टाकीचं चित्र काढून त्यात खुणा केल्या. कामात नेटकी आहे. लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगितलं तर शेफारेल.

तिचं म्हणणं असं. हात सगळे डावे आहेत. दारापासून सुरू होतात आणि भिंतीभिंतीने गोल फिरून परत दाराशी येतात. एका हातापासून दुसरा हात एका ढांगेवर. सगळे एका उंचीला, माझ्या कपाळाच्या थोडे खाली. तिने गुळ्याला बोलावून भिंतीजवळ उभं केलं. गुळ्या माझ्याहून ठेंगणा. त्याचा हात तिथवर पोचला, पण मास्तरला काही विचारायला पोरगं हात वर करतं तसा.

“मावशी, हे यांचे नाहीत वाटतं.”

“स्टुलावर चढला असेल.”

“स्टूल घेऊन टाकीभर फिरले?”

“तू याला ओळखत नाहीस.”

गुळ्या म्हणाला, “हो, मी स्टुलावर चढलो होतो.”

मुलीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, “असं वाटतं की कुणीतरी उजव्या हातात दिवा धरून, डाव्याने भिंत चाचपत—”

“आळशी माणूस असाच चालतो,” मी म्हटलं. “भिंतीला टेकत.”

तिने कागदाची घडी घातली. हल्लीच्या पोरींना सरळ गोष्टीत वाकडं दिसतं.

१३ तारीख, गुरुवार

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. टाकी पुन्हा सोलायची, पुन्हा रंगवायची, ती आम्हीच. एकच अट. “ज्याचा हात आहे त्याने यापुढे आमच्या टाकीत पाय ठेवायचा नाही. कोण आहे ते तुम्ही सांगा, मी शोधत बसणार नाही.”

नवरा उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली. काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात गुळ्या म्हणाला, “माझा हात आहे साहेब.”

विषय संपला.

घरी आल्यावर मी गुळ्याला सांगितलं, तुझा चेहरा बघितला की माझं डोकं उठतं, काही दिवस दुसरीकडे राहा. पिशवी भरताना तो म्हणाला, “ताई, भाऊजींना आत एकटं सोडू नकोस.”

“ते काय कुक्कुलं बाळ आहेत? तुला मिसरूड फुटायच्या आधीपासून टाक्यांत उतरतात.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“काही नाही,” म्हणाला आणि गेला. साखरेचा डबा तेवढा घेऊन गेला.

रात्री नवरा जेवला नाही. मी म्हटलं, भाऊ माझा, तुमचं का पोट भरलं? म्हणाला, “चोर सोडून संन्याशाला फाशी.” मी म्हटलं, कसला संन्यासी, चार चमचे साखर खाणारा.

१७ तारीख, सोमवार

बोळाची भिंत साबणाने घासली, वर पांढऱ्याचा एक थर दिला. आरशासारखी झाली. गुळ्या नाही म्हणजे आता टिकेल.

दुपारी एका कारखान्याच्या मागच्या छोट्या टाकीचं काम होतं. रंग वाळला होता. नवऱ्याने आत जाऊन नुसती बोटं फिरवली आणि दोन बारीक टाचणीएवढी भोकं शोधून काढली. मी बॅटरी लावून बघितलं तरी मला दिसली नाहीत. डोळे मिटून काम करतो माणूस. असा कारागीर असताना त्या मेल्याने नाव घालवलं.

डब्यावरचं मात्र मलाच वाचायला सांगतो. चष्मा घरी राहिला म्हणे. चष्मा रोजच घरी राहतो. चष्म्यालाही कामाचा कंटाळा.

२४ तारीख, सोमवार

भिंतीवर पट्टा परत आला.

फिकट आहे, पण आहे. घरात दोनच माणसं. मी भिंतीला हात लावत चालत नाही, मला तेवढी उसंत नसते. म्हणजे रंग वाईट. दुकानात जाऊन दुकानदाराला चार शब्द सुनावले. तो म्हणाला, बाई, रंग आपोआप काळा होत नाही, कुणीतरी हात लावतंय. मी म्हटलं, घरात आहे कोण हात लावायला.

घरी येताना वाटभर डोक्यात काहीतरी टोचत होतं. खडा असेल म्हणून चप्पल काढून झटकली.

२५ तारीख, मंगळवार

संध्याकाळी वीज गेली. मी बोळाच्या मधोमध, हातात भाजीचं पातेलं. एक पाऊल पुढे टाकलं तर पाटावर आपटले. ओरडले, “अहो, मेणबत्ती!”

तो बाहेरच्या खोलीत होता. उठला, फडताळापाशी गेला, मेणबत्ती काढली, काड्यापेटी काढली आणि सरळ माझ्यापर्यंत चालत आला. कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. अंधार झालाय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं जणू. मेणबत्ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “तूच पेटव.”

मी पेटवली. त्याचा डावा हात भिंतीवर होता. बरोबर पट्ट्यावर. माझ्या कपाळाच्या थोडा खाली.

मी काही बोलले नाही. हे लिहून ठेवते, कारण असं क्वचित होतं.

२६ तारीख, बुधवार

सकाळीच गुळ्याकडे गेले. मित्राच्या खोलीवर राहतो. पातेल्यातच चहा पीत होता.

“तुला माहीत होतं?”

काय ते त्याने विचारलं नाही. “दीड वर्षापासून. भाऊजींनी शपथ घातली होती. म्हणाले, ताईला कळलं तर ती टाकीत उतरू देणार नाही, आणि घरी बसलो तर मी मरेन.”

“आणि तू माझ्या शिव्या खाल्ल्यास?”

“तुझ्या शिव्या मी पाळण्यात असल्यापासून खातोय ताई. पचतात.”

“आणि त्यांना तसंच आत जाऊ दिलंस? शिडीवरून पडले असते तर?”

“शिडीवर मीच चढायचो. ते खालचं करायचे. म्हणून तर हात एकाच उंचीला आहेत.” मग म्हणाला, “काखेत कळसा होता तुझ्या. मला वाटायचं आज बघेल, उद्या बघेल.”

एक थोबाडीत द्यावीशी वाटली. साखर संपली होती त्याची, ती आणून दिली.

२८ तारीख, शुक्रवार

काल नवऱ्याला सरळ विचारलं. स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी.

“नियम तुमचा. मोजे का काढले?”

चाचपून कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मोजे घातले की भिंत कळत नाही.”

“हातात दिवा होता ना?”

“दिव्याच्या पुढ्यात असतं तेवढं दिसतं. बाजूचं नाही. बाजू कधी गेली तेच कळलं नाही.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तू ऐकतेस कुठे. तू बोलतेस.”

यावर मला बोलायचं होतं. नाही बोलले. आठवड्यात दुसऱ्यांदा.

आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याच इस्पितळात. तिने यंत्रावर हनुवटी टेकवून घेतली, दिवे मारले, डोळ्यातला दाब मोजला. म्हणाली, दाबाने आतली शीर सुकत चालली आहे. गेली ती नजर परत येणार नाही. थेंब देते, रोज न चुकता घालायचे.

मी विचारलं, “थेंब वर घालायचा. दुखणं तर आत आहे.”

“बुबुळावरच्या पडद्यातून आत झिरपतो.”

“भोक नसताना?”

“भोक लागत नाही.”

“म्हणजे इथेही तेच,” मी म्हटलं. तिला कळलं नाही, तिला टाक्यांचं काय माहीत. “आणि त्याने होणार काय?”

“उशीर. उरलेली नजर जायला उशीर होईल. नीट घातले तर पुष्कळ.”

उशीर चालेल, म्हटलं. आमचा धंदाच तो आहे.

बाहेर पडून साहेबांच्या खोलीत गेले आणि हात कुणाचा ते सांगितलं. गुळ्याचा नाही म्हणून सांगितलं. नवरा शेजारीच उभा होता, त्याने मान हलवली. साहेब म्हणाले, अट अटच आहे. मी म्हटलं, अट उघड्या लोखंडासाठी ठेवा. रंग वाळल्यावर टाचणीएवढं भोक शोधायला तुमच्याकडे दुसरा माणूस असेल तर दाखवा. साहेबांनी तपासणीवालीला फोन लावला. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, पण साहेब शेवटी म्हणाले, “वाळल्यावर. आधी नाही.”

पुढच्या महिन्याची १२ तारीख, शुक्रवार

मधे लिहायला वेळ झाला नाही. टाकी सोलली. गुळ्या परत आलाय. त्याने आणि आणखी एका माणसाने रंग दिला, दोघेही कोपरापर्यंत मोजे घालून. नवरा माझ्या शेजारी बाहेर बसला. मी अ आणि ब कालवताना नुसता काठीचा आवाज ऐकून म्हणायचा, अजून ढवळ. अंगाचा तिळपापड व्हायचा. बरोबर असायचं.

आज रंग पुरता वाळला. नवरा आत गेला, मोजे न घालता. डावा हात भिंतीवर ठेवून पूर्ण गोल फिरला, मग थोडं खाली वाकून पुन्हा गोल. गुळ्या मागे खडू घेऊन. चार ठिकाणी थांबला, चार ठिकाणी गुळ्याने खूण केली. वरचं शिडीवर चढून गुळ्याने बघितलं. मी दारात उभी.

तपासणीवाली माझ्या कानाशी म्हणाली, “मावशी, त्या दिवशी मी अर्धंच बोलले.”

“मी बोलू दिलं नाही,” म्हटलं. “आता हा हात लागतोय त्याचे फोड येणार का?”

“नाही. हा रंगाच्या वरून आहे.”

उरलेला माल घरी आणला. संध्याकाळी बोळाच्या भिंतीवर, काळपट डाग होता बरोबर त्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकीच्या रंगाचा रुंद पट्टा मारला. हात लागून लागून कितीही मळला तरी धुता येईल. दिसतो घाणेरडा. कुणाला दिसतोय.

नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “वास कसला येतोय?”

“भिंत रंगवलीय. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.”

“अगं, मग मी आत यायचं कसं?”

मोजे काढून ठेवले आणि हात पुढे केला. त्याने चाचपला, धरला. त्याचा तळवा घामाने ओला होता. मी पुसला नाही.